घटक ४ : डायनोसॉर – नामशेष की नामांतरित?

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला –
• 'डायनोसॉर' ही संज्ञा कशी निर्माण झाली आणि तिचा अर्थ कसा बदलत गेला, हे सांगता येईल.
• बाह्य साम्य आणि वंशाचे नाते यांतील भेद भाषेच्या व प्राणिसृष्टीच्या उदाहरणांनी स्पष्ट करता येईल.
• पक्षी हे डायनोसॉर आहेत, या निष्कर्षामागील प्रमुख पुरावे क्रमाने मांडता येतील.
• मगर, घोरपड, तुआतारा इत्यादी प्राण्यांचे डायनोसॉरांशी नेमके नाते काय, हे सांगता येईल.
• 'नामशेष' या शब्दाच्या अर्थाचा साक्षेपाने विचार करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, 'आज एखादा तरी डायनोसॉर जिवंत आहे का?' हा प्रश्न घरातल्या लहान मुलाने विचारला, तर आपण सहज उत्तर देतो, 'नाही, ते कधीच नष्ट झाले.' आपल्यापैकी अनेकांनी शाळेत हेच उत्तर शिकलेले असते. आजच्या पुराजीवविज्ञानाचे उत्तर मात्र वेगळे आहे. डायनोसॉरांच्या दहा हजारांहून अधिक जाती आज पृथ्वीवर जिवंत आहेत आणि त्यांपैकी काही आपल्या अंगणात दाणे टिपत असतात. आपण त्यांना 'पक्षी' म्हणतो.

हे विधान चमत्कृतीसाठी केलेले नाही. पक्षी डायनोसॉरांसारखे दिसतात किंवा त्यांचे दूरचे आप्त आहेत, एवढाच त्याचा अर्थ नाही. ज्या अर्थाने वटवाघूळ हा सस्तन प्राणी आहे, त्याच अर्थाने चिमणी हा डायनोसॉर आहे, असे अभ्यासक म्हणतात.

भाषेच्या अभ्यासकाला या विषयात रस वाटावा, याचे कारण उघड आहे. हा प्रश्न अर्धा हाडांचा आहे आणि अर्धा शब्दांचा. 'नामशेष' या शब्दाचा विग्रह करून पाहा. ज्याचे केवळ नाव शेष राहिले आहे, तो नामशेष. डायनोसॉरांच्या बाबतीत याच्या उलट घडले आहे. त्यांच्या वंशाची एक शाखा शिल्लक राहिली. पण तिला आपण आधीपासून दुसऱ्या नावाने ओळखत होतो. त्यामुळे वंश समोर असूनही तो संपला, असे आपण मानत आलो. हा गैरसमज कसा निर्माण झाला आणि कोणत्या पुराव्यांनी दूर झाला, ते आपण या घटकात पाहणार आहोत.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ 'डायनोसॉर' या नावाचा जन्म

इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन याने १८४२ साली ही संज्ञा प्रथम प्रसिद्ध केली. दक्षिण इंग्लंडमध्ये सापडलेल्या मेगॅलोसॉरस, इग्वॅनोडॉन आणि हायलिओसॉरस या तीन प्राण्यांच्या अवशेषांत त्याला काही समान लक्षणे आढळली. त्यावरून हे तिन्ही प्राणी एका स्वतंत्र गटाचे असावेत, असे त्याने ठरवले. गटाच्या नावासाठी त्याने दोन ग्रीक शब्द जोडले. त्यांचा अर्थ 'भयंकर सरडा' असा होतो.

नाव रूढ झाले, पण त्याने दोन समज पक्के केले. पहिला समज असा, की हे प्राणी सरड्यांच्या वंशातले होते. वास्तविक सरड्यांची शाखा वेगळी आहे. दुसरा समज असा, की ते सारेच अवाढव्य आणि भयंकर होते. कॉम्प्सोग्नॅथससारखे काही डायनोसॉर जेमतेम कोंबडीएवढे होते, हे पुढे उघड झाले. नाव ठेवताना हाती असलेला पुरावा तुटपुंजा असतो. पुरावा वाढत जातो, नाव मात्र तेच राहते.

भारतातील डायनोसॉरांचे पहिले अवशेष ओवेनने हे नाव देण्यापूर्वीच सापडले होते. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्धीस आलेल्या विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला १८२८ साली जबलपूरजवळ काही अश्मीभूत हाडे मिळाली. त्या वेळी 'डायनोसॉर' हा शब्दच अस्तित्वात नव्हता. रिचर्ड लायडेकर याने १८७७ साली त्या प्राण्याचे 'टायटॅनोसॉरस इंडिकस' असे नामकरण केले. महाराष्ट्रातही चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनोसॉरांची हाडे आणि अश्मीभूत विष्ठा मिळाली आहे. या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिकतामय कण असल्याचे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवून देण्यात आले. डायनोसॉरांच्या काळी गवत नव्हते, ही तोवरची समजूत त्यामुळे बदलावी लागली.

लोकव्यवहारात 'डायनोसॉर' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. आकाशात उडणारे टेरोसॉर, समुद्रात राहणारे इक्थिओसॉर, किंबहुना जुना आणि आडदांड असा कोणताही सरपटणारा प्राणी त्यात घातला जातो. टेरोसॉर हे डायनोसॉरांचे चुलत आप्त होते. इक्थिओसॉर त्याहून दूरचे. यांपैकी कोणीही डायनोसॉर नव्हते. तेव्हा 'डायनोसॉर' कोणाला म्हणायचे, हे आधी ठरवले पाहिजे. त्यासाठी साम्य आणि नाते यांतील भेद समजून घेणे आवश्यक आहे.

४.२.२ साम्य आणि नाते : भाषेचे उदाहरण

हा भेद मराठीच्या विद्यार्थ्याला अपरिचित नाही. 'हुकूम', 'तारीख', 'मालक' हे शब्द मराठीत अरबीतून, मुख्यतः फार्सीच्या मार्गाने आले. हे शब्द दोन्ही भाषांत आढळतात म्हणून मराठी ही अरबीची कन्या किंवा भगिनी ठरत नाही. हे साम्य उसनवारीचे आहे. याउलट संस्कृत 'हस्त', प्राकृत 'हत्थ', मराठी 'हात'. 'कर्ण', 'कण्ण', 'कान'. 'सप्त', 'सत्त', 'सात' या मालिका पाहा. जोडाक्षराचे द्वित्त होणे, मग द्वित्त सुटून आधीचा स्वर दीर्घ होणे, असा बदल येथे नियमाने झालेला दिसतो. हे साम्य वारशाचे आहे. भाषाकुल ठरवताना आपण वारशाने आलेल्या, नियमबद्ध साम्यालाच प्रमाण मानतो.

प्राणिसृष्टीतही असेच आहे. वटवाघळाला पंख आहेत आणि कावळ्यालाही. पण त्या पंखांची घडण वेगळी आहे. वटवाघळाचा पंख लांब बोटांवर ताणलेल्या कातडीचा, तर कावळ्याचा पिसांचा. उडण्याची गरज सारखी असल्यामुळे दोन निराळ्या वंशांत हे साम्य स्वतंत्रपणे उत्पन्न झाले. ते नात्याचा पुरावा होत नाही. नाते ठरते ते एका समान पूर्वजाकडून आलेल्या अनेक वैशिष्ट्यांच्या एकत्रित पुराव्यावरून.

आता एक शंका येईल. महाराष्ट्री प्राकृत ही मराठीची पूर्वज आहे. पण आपण मराठीला 'प्राकृत' म्हणत नाही. मग पक्षी डायनोसॉरांपासून निघाले असले, तरी त्यांना 'डायनोसॉर' का म्हणायचे? शंका रास्त आहे. तिचे उत्तर असे, की 'डायनोसॉर' हे नाव 'महाराष्ट्री प्राकृत' या नावासारखे एका भाषेचे नाव नाही. ते 'आर्यभाषाकुल' या नावासारखे संपूर्ण कुळाचे नाव आहे. मराठी आज कितीही बदललेली असली, तरी ती आर्यभाषाकुलातून बाहेर पडत नाही. कुळातल्या जुन्या भाषा लोपल्या म्हणून कुळ संपले, असेही आपण म्हणत नाही.

आधुनिक जीवशास्त्रात गटांची व्याख्या याच तत्त्वावर केली जाते. एक समान पूर्वज आणि त्याचे सर्व वंशज मिळून एक गट होतो. त्यांतील सोयीचे तेवढे घेऊन बाकीचे वगळता येत नाहीत. डायनोसॉरांची व्याख्या बहुधा अशी केली जाते : ट्रायसेराटॉप्स आणि आजचे पक्षी यांचा सर्वांत अलीकडचा समान पूर्वज आणि त्या पूर्वजाचे सर्व वंशज. या व्याख्येनुसार चिमणी आपोआपच डायनोसॉर ठरते.

परंतु येथे सावध राहायला हवे. व्याख्या म्हणजे पुरावा नव्हे. पक्ष्यांचा समावेश व्याख्येत केला म्हणून ते डायनोसॉर झाले, असे कोणी म्हटले, तर तो तर्कदोष होईल. पक्ष्यांचे नाते आधी हाडांवरून आणि पिसांवरून सिद्ध झाले. व्याख्या त्यानंतर आली. तो पुरावा आता पाहू.

४.२.३ पुराव्यांची वाटचाल

(अ) पाऊलखुणा : अमेरिकेतील कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात खडकांवर तीन बोटांच्या मोठमोठ्या पाऊलखुणा आढळत. एडवर्ड हिचकॉक या भूवैज्ञानिकाने १८३६ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्या प्रचंड पक्ष्यांच्या असाव्यात, असे मत मांडले. पुढे त्या डायनोसॉरांच्या असल्याचे ठरले आणि हिचकॉकचे मत चुकीचे मानले गेले. आज मागे वळून पाहिले, तर त्या पाऊलखुणांत त्याला पक्षी दिसावा, यात नवल वाटत नाही.

(आ) आर्किऑप्टेरिक्स : जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात झोल्नहोफेन येथील चुनखडीच्या खाणींत १८६१ साली एका पिसाचा ठसा आणि पाठोपाठ एक सांगाडा मिळाला. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या या प्राण्याला पक्ष्यासारखे पंख आणि पिसे होती. शिवाय दात, पंखांवर नख्या असलेली मोकळी बोटे आणि हाडांची लांब शेपटीही होती. डार्विनचा उत्क्रांतीविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. १८६० च्या दशकात थॉमस हक्स्ली याने पक्षी आणि डायनोसॉर यांच्या सांगाड्यांतील साम्य, विशेषतः मागच्या पायांतील आणि कमरेच्या हाडांतील साम्य, दाखवून दिले.

आर्किऑप्टेरिक्सच्या आणखी एका सांगाड्याची हकीकत बोलकी आहे. १९५१ साली मिळालेल्या या सांगाड्यावरील पिसांचे ठसे फार अस्पष्ट असल्यामुळे तो बरीच वर्षे कॉम्प्सोग्नॅथस या लहान डायनोसॉरचा समजला गेला. तो आर्किऑप्टेरिक्सचा आहे, हे १९७० च्या दशकात ध्यानात आले. पिसे दिसेनाशी झाली, की जाणकारांनाही आदिपक्षी आणि डायनोसॉर यांत फरक करता येईना, याहून जवळचे साम्य कोणते असणार?

(इ) एका हाडाचा अडसर : हक्स्लीचे मत मग मागे का पडले? गेरहार्ड हाइलमान या डॅनिश अभ्यासकाने १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात पक्ष्यांशी सर्वाधिक साम्य मांसाहारी डायनोसॉरांचेच आहे, हे मान्य केले होते. परंतु पक्ष्यांच्या गळ्याखाली दोन हाडे जुळून बनलेले दुबेळक्याच्या आकाराचे हाड असते आणि डायनोसॉरांत ही हाडे आढळत नाहीत, असे त्याला वाटले. एकदा लोपलेला अवयव वंशात पुन्हा उत्पन्न होत नाही, या तत्त्वाच्या आधारे त्याने डायनोसॉरांना पक्ष्यांच्या पूर्वजांतून वगळले. हे मत सुमारे चाळीस वर्षे प्रमाण मानले गेले. पुढे अनेक मांसाहारी डायनोसॉरांत हे हाड आढळले. ओव्हिरॅप्टरच्या १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या वर्णनात तर ते चित्रितही झाले होते. पण ते दुसरेच हाड म्हणून ओळखले गेले होते. एखादी वस्तू आढळली नाही, एवढ्यावरून ती नव्हतीच, असे ठरत नाही, हा धडा येथे घेण्यासारखा आहे.

(ई) मनगट : अमेरिकेतील मोंटाना राज्यात १९६४ साली जॉन ऑस्ट्रॉम याला एका चपळ, मध्यम आकाराच्या डायनोसॉरचे अवशेष मिळाले. १९६९ साली त्याने त्याला 'डायनॉनिकस' असे नाव दिले. या प्राण्याच्या मनगटात अर्धचंद्राकृती हाड होते. त्यामुळे त्याचा पंजा बाजूला दुमडता येत असे, जसा पक्षी आपला पंख मिटतो. ऑस्ट्रॉमने आर्किऑप्टेरिक्सशी त्याची बारकाईने तुलना केली आणि शंभर वर्षांपूर्वीचे हक्स्लीचे मत नव्या पुराव्यांनिशी पुन्हा उभे केले.

(उ) पिसे : १९९६ साली चीनच्या ल्याओनिंग प्रांतातील सिनोसॉरोप्टेरिक्स हा डायनोसॉर प्रकाशात आला. त्याच्या अंगावर केसांसारख्या साध्या पिसांची लव होती. उडण्याशी तिचा काही संबंध नव्हता. त्यानंतर त्याच प्रदेशात पिसे असलेल्या अनेक डायनोसॉरांचे जीवाश्म मिळाले. मायक्रोरॅप्टरला तर पुढच्या आणि मागच्या अशा चारही अवयवांवर पंखांची पिसे होती. पिसांतील रंगद्रव्याच्या सूक्ष्म कणांचा अभ्यास करून सिनोसॉरोप्टेरिक्सच्या शेपटीवर तांबूस व फिकट पट्टे होते, असा निष्कर्ष २०१० साली मांडण्यात आला. पिसे ही पक्ष्यांची मिरासदारी नव्हती. पक्षी निर्माण होण्यापूर्वीच ती डायनोसॉरांत होती, हे यावरून स्पष्ट झाले.

(ऊ) वागणूक : ओव्हिरॅप्टर या नावाचा अर्थ 'अंडी पळवणारा' असा आहे. १९२३ साली मंगोलियात अंड्यांच्या घरट्यावर त्याचा सांगाडा मिळाला. ती अंडी दुसऱ्या डायनोसॉरची असावीत, असे समजून त्याला हे नाव दिले गेले. १९९३ साली तशाच एका अंड्यात ओव्हिरॅप्टरच्या कुळातील गर्भ मिळाला. तो प्राणी अंडी चोरायला आला नव्हता. ती त्याच्याच जातकुळीची होती. याच कुळातील काही सांगाडे दोन्ही हात घरट्याभोवती पसरून, अंड्यांवर बसलेल्या स्थितीत मिळाले आहेत. खुराड्यातली कोंबडी अशीच बसते. नामकरणाच्या नियमांनुसार नाव मात्र बदलता येत नाही, म्हणून अंड्यांवर बसणाऱ्या त्या प्राण्याच्या माथी चोरीचा शिक्का कायमचा राहिला.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(१) 'डायनोसॉर' ही संज्ञा कोणी व कोणत्या साली प्रसिद्ध केली?
(२) हाइलमानने डायनोसॉरांना पक्ष्यांच्या पूर्वजांतून का वगळले?
(३) सिनोसॉरोप्टेरिक्सच्या शोधामुळे पिसांविषयीची कोणती समजूत बदलली?

४.२.४ महाविनाश आणि वाचलेली शाखा

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवर महाविनाश घडला. १९८० साली लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी आपल्या सहकाऱ्यांसह एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्या काळातील मातीच्या पातळ थरात इरिडियम या धातूचे प्रमाण असाधारण आहे आणि ते अंतराळातून आलेल्या अशनीमुळे असावे, असे त्यांनी त्यात मांडले. मेक्सिकोतील युकातान द्वीपकल्पाच्या काठाशी असलेले, सुमारे १८० किलोमीटर व्यासाचे चिकशुलुब विवर हे त्या आघाताचे स्थान म्हणून पुढे ओळखले गेले.

याच काळाच्या आगेमागे आपल्या दख्खनमध्ये लाव्हारसाचे प्रचंड लोट वाहत होते. ज्या काळ्या पाषाणात अजिंठा-वेरूळची लेणी कोरली गेली आणि ज्यावर सह्याद्रीतील गडकिल्ले उभे आहेत, तो पाषाण या लाव्हारसाचाच आहे. महाविनाशाचे मुख्य कारण अशनीचा आघात होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. दख्खनच्या ज्वालामुखींचा त्यात वाटा किती, यावर चर्चा चालू आहे.

या संकटात पक्ष्यांव्यतिरिक्त सर्व डायनोसॉर नष्ट झाले. मात्र पक्षी असणे म्हणजे अभयदान नव्हते. दात असलेल्या, आजच्या पक्ष्यांहून वेगळी अस्थिरचना असलेल्या पक्ष्यांची अनेक कुळे त्याच वेळी संपली. वाचली ती एकच शाखा. लहान शरीर, जमिनीवरील वावर आणि दात नसलेली चोच यांचा तिला उपयोग झाला असावा, असे अनुमान केले जाते. जंगले उद्ध्वस्त झाल्यावर झाडांवर अवलंबून असणाऱ्यांचा आसरा गेला. मातीत पडलेले बी मात्र बराच काळ टिकते आणि ते टिपून खाणाऱ्याला तग धरता येतो. कोंबडी, बदक, शहामृग यांच्यापासून गरुड-चिमणीपर्यंतचे आजचे सारे पक्षी या एका शाखेचे वंशज आहेत.

कालमानाचीही येथे नोंद घेतली पाहिजे. स्टेगोसॉरस सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला, टायरॅनोसॉरस सुमारे ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी. म्हणजे या दोघांमधील अंतर टायरॅनोसॉरस आणि आपण यांच्यातील अंतरापेक्षा अधिक आहे. नात्याचा हिशोबही तसाच अनपेक्षित आहे. टायरॅनोसॉरस हा मांसाहारी डायनोसॉरांच्या ज्या शाखेतला, तिच्यातूनच पक्षी निघाले. त्यामुळे तो स्टेगोसॉरसपेक्षा कोंबडीला अधिक जवळचा आहे.

४.२.५ इतर आप्त : मगर, घोरपड, तुआतारा

'आज डायनोसॉरसारखा कोण दिसतो?' असे विचारले, तर आपण मगरीकडे किंवा घोरपडीकडे बोट दाखवू. यांपैकी मगरीचे नाते खरे आहे. सांगलीजवळच्या कृष्णेत किंवा चिपळूणच्या वाशिष्ठीत दिसणारी मगर डायनोसॉर नाही. परंतु मगरी, टेरोसॉर आणि डायनोसॉर हे 'आर्कोसॉर' या एकाच मोठ्या कुळातले. मगरींची आणि पक्ष्यांची वाट सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. तरीही एका घराण्याच्या खुणा राहिल्याच. मगरीचे हृदय पक्ष्यांप्रमाणे चार कप्प्यांचे असते. मादी घरटे करते, त्याची राखण करते आणि पिले बाहेर आल्यावर त्यांना सांभाळते. आजच्या जिवंत प्राण्यांत मगरींना सर्वांत जवळचे आप्त कोण, असे विचारले, तर उत्तर 'पक्षी' असे आहे. घोरपड मगरीसारखी दिसत असली, तरी मगरीला ती चिमणीपेक्षा दूरची आहे.

घोरपड, पाल, सरडा आणि साप यांची शाखा निराळी. इंडोनेशियातील कोमोडो ड्रॅगन कितीही अक्राळविक्राळ दिसला, तरी तो आपल्या घोरपडीचाच भाऊबंद आहे. न्यूझीलंडमधील तुआताराला पुष्कळदा 'जिवंत डायनोसॉर' म्हटले जाते. तोही डायनोसॉर नाही. सरडे-सापांना जवळच्या, पण स्वतंत्र अशा एका जुन्या कुळाचा तो एकमेव उरलेला प्रतिनिधी आहे.

जुन्या धाटणीचा एखादा प्रचंड डायनोसॉर काँगोच्या जंगलात किंवा एखाद्या सरोवरात दडून असेल का, असाही प्रश्न विचारला जातो. नष्ट झाला असे समजलेला सीलाकांथ हा मासा १९३८ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जिवंत सापडला, हे उदाहरण त्यासाठी पुढे केले जाते. पण खोल समुद्रातील मासा आणि जमिनीवरचा हत्तीएवढा प्राणी यांत फरक आहे. कोणतीही जात कोट्यवधी वर्षे टिकायची, तर पिढ्यान्पिढ्या तिची पुरेशी संख्या असावी लागते, आणि एवढ्या प्राण्यांची हाडे, विष्ठा, पाऊलखुणा कोठेतरी मिळाल्याच पाहिजेत. पक्ष्यांखेरीज इतर डायनोसॉरांच्या बाबतीत गेल्या ६ कोटी ६० लाख वर्षांतील असा विश्वसनीय पुरावा मिळालेला नाही.

४.२.६ 'नामशेष' या शब्दाचा पुनर्विचार

मग 'डायनोसॉर नामशेष झाले' हे वाक्य चूक ठरते का? 'पक्ष्यांव्यतिरिक्त इतर डायनोसॉर नामशेष झाले' असे म्हटले, की ते बरोबर होते. वाक्यात दोन-तीन शब्दांची भर पडते. पण त्या शब्दांमुळे आपण आजच्या पक्ष्यांकडे कसे पाहतो, हे बदलते.

आपल्या काळातील दोन उदाहरणे घेऊ. १९९० च्या दशकात भारतातील गिधाडांची संख्या झपाट्याने घटली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत तर ही घट ९९ टक्क्यांहून अधिक होती. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध त्याला कारणीभूत असल्याचे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून सिद्ध झाले. हे औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. गावाबाहेर मेलेली गुरे फस्त करणारे पक्षी दिसेनासे झाले, तसा कुजणाऱ्या मढ्यांचा प्रश्न उभा राहिला. मुंबईतील पारशी समाजाच्या परंपरागत अंत्यविधीलाही त्यामुळे अडचण निर्माण झाली.

दुसरे उदाहरण माळढोकाचे. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूरजवळ नान्नजच्या परिसरात अभयारण्य घोषित झाले. माळरान म्हणजे पडीक जमीन, अशी आपली समजूत असल्यामुळे त्याचा अधिवास आक्रसत गेला. विजेच्या तारांवर आदळूनही माळढोक मरतात. मादी बहुधा एका वेळी एकच अंडे घालते, त्यामुळे झालेली हानी लवकर भरून निघत नाही. आज भारतभरात मिळून दीडशेच्या आसपास माळढोक उरले असावेत, असा अंदाज केला जातो.

अशनीच्या आघातातून वाचलेला हा वंश आहे. आकाशातून कोसळलेल्या संकटाला कोणी जबाबदार नव्हते. औषधाची कुपी, विजेची तार आणि नांगरलेले माळरान यांना मात्र आपण जबाबदार आहोत. माळढोक गेला, तर त्याचे नाव पुस्तकात राहील, पक्षी राहणार नाही. 'नामशेष' हा शब्द त्या वेळी अक्षरशः खरा ठरेल.

४.३ सारांश

'डायनोसॉर' ही संज्ञा १८४२ साली तुटपुंज्या पुराव्यावरून निर्माण झाली आणि तिने सरडा व भयंकरपणा यांच्याशी निगडित असे चुकीचे समज रूढ केले. प्राण्यांचे गट बाह्य साम्यावरून न ठरवता वंशाच्या नात्यावरून ठरवले जातात; भाषाकुले ठरवण्याची पद्धतीही अशीच आहे. पाऊलखुणा, आर्किऑप्टेरिक्स, गळ्याखालचे हाड, मनगट, पिसे आणि अंडी उबवण्याची रीत या परस्परपूरक पुराव्यांवरून पक्षी हे मांसाहारी डायनोसॉरांच्या शाखेतले असल्याचे निश्चित झाले. मगरी हे डायनोसॉरांचे आप्त असले, तरी डायनोसॉर नाहीत. घोरपड, कोमोडो ड्रॅगन आणि तुआतारा त्याहून दूरचे. तेव्हा डायनोसॉरांचा वंश आजही जिवंत आहे. त्याचे नाव बदलले आहे आणि त्याचे भवितव्य बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे.

४.४ पारिभाषिक शब्द

जीवाश्म : प्राचीन जीवांचे खडकांत टिकून राहिलेले अवशेष किंवा ठसे.
पुराजीवविज्ञान : जीवाश्मांच्या आधारे प्राचीन जीवसृष्टीचा अभ्यास करणारे शास्त्र.
आर्कोसॉर : मगरी, टेरोसॉर, डायनोसॉर आणि पक्षी यांचा समावेश असलेले कुळ.
महाविनाश : भूवैज्ञानिकदृष्ट्या अल्प काळात असंख्य जाती नष्ट होण्याची घटना.
अधिवास : एखाद्या जातीच्या नैसर्गिक वास्तव्याचे ठिकाण.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्न – १ ची उत्तरे

(१) रिचर्ड ओवेन, १८४२.
(२) पक्ष्यांच्या गळ्याखाली असणारी हाडे डायनोसॉरांत नसतात आणि लोपलेला अवयव वंशात पुन्हा उत्पन्न होत नाही, असे त्याचे मत होते.
(३) पिसे फक्त पक्ष्यांनाच असतात, ही समजूत बदलली.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

(१) 'साम्य म्हणजे नाते नव्हे' हे विधान भाषा आणि प्राणिसृष्टी या दोन्ही क्षेत्रांतील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
(२) 'मराठीला आपण प्राकृत म्हणत नाही. मग पक्ष्यांना डायनोसॉर का म्हणायचे?' या शंकेचे निरसन तुमच्या शब्दांत करा.
(३) मूळ अर्थ मागे पडूनही रूढ राहिलेले पाच मराठी शब्द शोधा आणि त्यांची तुलना 'ओव्हिरॅप्टर' या नावाशी करा.
(४) उपक्रम : घराजवळच्या कोंबडीचे किंवा कबुतराचे पंधरा मिनिटे निरीक्षण करा. पायाची बोटे, चालण्याची ढब आणि पंख मिटण्याची क्रिया यांची नोंद करून या घटकातील कोणत्या पुराव्याशी तुमचे निरीक्षण जुळते, ते दहा-बारा ओळींत लिहा.